एक दाखला, आठ प्रती

शरयूला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला पुण्याला पाठवायचं, हे भालचंद्रराव आष्टीकरांच्या घरात एका जेवणात ठरलं. वरणभात वाढताना विषय निघाला आणि ताक येईपर्यंत संपला. जालन्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला तिला अकाउंटन्सीत शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क पडले होते. तिला सी.ए. व्हायचं होतं, सी.ए.चे क्लास पुण्याला होते आणि पुण्याला दुर्गाआत्या होती. दुर्गाआत्याने तिकडच्या एका कॉलेजात चौकशीही करून ठेवली होती. दुसऱ्या वर्षाची एकच जागा रिकामी होती. चौदा ऑगस्टला दुपारी बारापर्यंत जुन्या कॉलेजचा दाखला आणि विद्यापीठाचं मायग्रेशन घेऊन शरयू आली तर जागा तिची, नाही आली तर पुढच्या नंबरच्या पोराची. हे ठरलं तेव्हा १९९७ सालच्या जुलैची दोन तारीख होती, म्हणजे हातात सहा आठवडे होते. एवढ्या वेळात माणूस काशीला जाऊन, गंगा आणून, मावंदं घालून मोकळा होतो.

पण भालचंद्ररावांनी ताकाचा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "कागदांचं मी बघतो."

रमाबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने ताटाकडे पाहिलं.

भालचंद्रराव बदनापूरच्या बीजगुणन उपकार्यालयात हेडक्लार्क होते. या कार्यालयाने आजवर कुठल्या बीजाला गुणलं, हे गावात कोणी छातीठोकपणे सांगू शकत नसे, पण त्याची आवक-जावक अशी चोख होती की बाहेरगावचे कारकून ती बघायला येत. निदान एकजण आला होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत भालचंद्ररावांचा एकही कागद गहाळ झाला नव्हता आणि एकही कागद वेळेआधी सुटला नव्हता. अधीक्षकाची जागा मात्र दोनदा त्यांच्या डोक्यावरून धाकट्या माणसांना गेली होती. तेव्हापासून ऑफिसात त्यांना कोणी फारसं काही विचारत नसे. त्यामुळे घरात एक खरोखरचं प्रकरण उभं राहतंय म्हटल्यावर त्यांच्या चालण्यात फरक पडला. दुसऱ्या दिवशी ते भाजी आणायला गेले तेही काखेत फाइल मारून.

शेजारच्या रखमाजींना ही बातमी कळायला भिंतीची उंचीच तेवढी आडवी येत होती, आणि ती चार फूट होती. रखमाजी मूळचे हसनाबादचे, तिकडे त्यांची चाळीस एकर जमीन, आणि बदनापुरात खत-बियाण्याचं दुकान. भिंतीवर कोपरं टेकून ते म्हणाले, "साहेब, कशाला एवढा कुटाना? उद्या जीप काढतो. कॉलेजच्या खिडकीत धर्मराज बसतो, आमच्या मावसभावाचा साडू हाय. अर्ध्या घंट्यात दाखला हातात. येताना सरकी पेंडीचे धा पोते टाकून आनू, म्हंजी डिझेलबी वसूल."

आपल्या मुलीचं विद्यापीठांतर आणि म्हशींची पेंड एकाच जीपमधून येणार, ही कल्पना भालचंद्ररावांना झोंबली.

"रखमाजी, याला वशिला म्हणतात."

"वशिला कशाचा? मागितलं की देतेत."

"मागितलं की मिळतं ते विरजण. दाखला रीतसर मिळवायचा असतो."

"बराबर हाय," रखमाजी म्हणाले. पटलं नाही की ते हेच म्हणत.

रखमाजींच्या नंदाबाईंनी पलीकडून वेगळाच मार्ग सुचवला. त्या रमाबाईंना म्हणाल्या, "वैनी, पोरीलाच धाडा. खिडकीपाशी जरा डोळ्यांत पानी आनलं की बाप्ये लोक जल्दी सह्या करतेत. माझ्या भाचीनं रेशनकार्डात नाव असंच चढवलं. रडायलाबी लागलं न्हाई, नुसतं नाक ओढलं." रमाबाईंना हा सल्ला मनातून आवडला होता, पण नवऱ्याच्या अब्रूखातर त्या हसून गप्प बसल्या.

शरयूने मात्र सरळ विचारलं, "बाबा, आपण दोघं एकदा जालन्याला जाऊन यायचं का? बसने पाऊण तासच तर लागतो."

"शरयू," भालचंद्रराव चष्मा काढून म्हणाले, "कागदाने कागदाकडे जायचं असतं. माणूस स्वतः गेला की कागदाची किंमत जाते."

मग अर्जाचा मसुदा सुरू झाला. एकूण चार मसुदे झाले. पहिला फार आर्जवी वाटला, दुसरा उद्धट, तिसरा दोन्ही. चौथ्याला त्यांनी मान्यता दिली, म्हणजे कोपऱ्यात बारीक सही केली आणि खाली तारीख घातली. अर्जाला विषय होता. विषयाखाली तीन संदर्भ होते: अर्जदाराच्या निवासस्थानी दोन जुलै रोजी झालेली चर्चा, श्रीमती दुर्गाबाई यांचा दूरध्वनी, आणि कॉलेजचं माहितीपत्रक, पृष्ठ अकरा. त्यानंतर 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' असं जे वाक्य सुटलं होतं, ते पहिल्या पानावर सुरू होऊन दुसऱ्या पानावर दम खायला थांबलं होतं.

रमाबाईंनी ते दोनदा वाचलं. "अहो, पण यात 'दाखला द्या' असं कुठे लिहिलंय?"

"तिसऱ्या परिच्छेदात."

"मला दिसत नाही."

"गर्भित आहे," भालचंद्रराव म्हणाले.

इथवर काही बिघडलं नव्हतं. लांबलचक अर्ज वाचून कोणी मेलेलं नाही. बिघडलं ते अर्जाच्या शेवटी. सही झाल्यावर भालचंद्ररावांचा हात सवयीने खाली गेला आणि त्याने लिहिलं: 'प्रत माहितीसाठी सविनय सादर.' ज्याने सरकारी कचेरीत आयुष्य काढलंय, त्यालाच या ओळीचं वेड कळेल. अर्ज एकालाच करायचा असतो, पण वरच्या सगळ्यांना त्याची प्रत दिली की खालच्याला धाक बसतो, असं त्यामागचं शास्त्र आहे. भालचंद्ररावांनी वरची आठ कार्यालयं निवडली. त्यातल्या तिघांचा शिक्षणाशी संबंध होता, चौघांचा ओढूनताणून लावता आला असता, आणि आठवं कार्यालय पाटबंधाऱ्यातलं होतं. ते का, असं शरयूने विचारलं तेव्हा "तिथले साहेब तत्पर आहेत" एवढंच उत्तर मिळालं.

ऑफिसचा टाइपरायटर खासगी कामाला वापरायचा नाही हा त्यांचा नेम. म्हणून त्यांनी बसस्टँडजवळच्या टायपिंगवाल्याकडून स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कागदावर अर्ज टाइप करून घेतला. त्याने एका दमात नऊ कागद आणि आठ कार्बन मशीनमध्ये कोंबले. पहिली प्रत ठसठशीत आली. पाचवी वाचता येत होती. नववी कोऱ्या कागदावर कोणी उसासा टाकावा तशी होती. ती त्यांनी पाटबंधाऱ्याला पाठवली, कारण तिथले साहेब तत्पर होते. अकरा जुलैला सगळे लिफाफे रजिस्टरने रवाना झाले, आणि नऊ पावत्या फाइलीत डकवल्या गेल्या.

त्यानंतर दहा दिवस भालचंद्रराव नव्या जावयासारखे वागले. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "प्रकरण वर गेलंय" असं सांगत. लोकांना वाटे घरात कोणी आजारी आहे. शरयूने मध्येच दोनदा विचारून पाहिलं, "बाबा, एकदा जालन्याला चलायचं का?" दोन्ही वेळा तिला कागदाच्या किमतीवर व्याख्यान मिळालं.

बावीस तारखेला पहिलं उत्तर आलं. एका वरच्या कार्यालयाने कॉलेजला पत्र लिहून त्याची प्रत भालचंद्ररावांना दिली होती: 'सदर प्रकरणी वस्तुस्थितीदर्शक अहवाल सात दिवसांत सादर करावा.' भालचंद्ररावांनी पत्र तीनदा वाचलं. 'वस्तुस्थितीदर्शक' हा शब्द त्यांनी मोठ्याने दोनदा वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं हे रमाबाईंनी स्वतः पाहिलं. मग ते बाहेर गेले आणि पाव किलो पेढे घेऊन आले.

"दाखला मिळाला का?" रखमाजींनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

"दाखला येईलच. अहवाल मागवलाय!"

"बराबर हाय," रखमाजी म्हणाले.

शरयूने पेढा हातात धरला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पेढा खाऊन टाकला.

मग उत्तरांची रांगच लागली. दुसऱ्या कार्यालयाने कॉलेजकडून अहवाल मागवला, पण तो दोन प्रतींत. तिसऱ्याने पहिल्या कार्यालयाला विचारलं की अहवाल आला असल्यास आम्हालाही कळवावं. चौथ्याने प्रकरण पाचव्याकडे वर्ग केलं आणि त्याच दिवशी पाचव्याने ते चौथ्याकडे वर्ग केलं, त्यामुळे दोन्ही कागद वाटेत एकमेकांना ओलांडून गेले असावेत. पाटबंधाऱ्याच्या तत्पर साहेबांनी 'वाचनीय प्रत सादर करावी' असं कळवून कोरा कागद परत केला. आणि एकोणतीस जुलैला खुद्द कॉलेजचं पत्र आलं. दोनच ओळी होत्या. प्रकरण वरिष्ठ कार्यालयांच्या विचाराधीन असल्यामुळे अहवाल सादर होईपर्यंत कु. आष्टीकर हिला दाखला देता येत नाही.

भालचंद्ररावांनी ते पत्र उजेडात धरून पुन्हा वाचलं. "मुद्देसूद लिहिलंय," शेवटी ते म्हणाले. "या कारकुनात गुण आहेत."

"आणि माझं वर्ष?" शरयूने विचारलं.

भालचंद्ररावांनी पत्राला पंच मारला आणि ते फाइलीत लावलं.

पण खरा तडाखा अजून यायचा होता. आठांतल्या सातव्या कार्यालयात कोणीतरी भालचंद्ररावांच्याच जातीचा, म्हणजे अर्ज शेवटपर्यंत वाचणारा माणूस निघाला. त्याच्या लक्षात आलं की अर्जदार पालक हा सरकारी नोकर असून त्याने स्वतःच्या कार्यालयप्रमुखाला डावलून परस्पर वरिष्ठांशी पत्रव्यवहार केला आहे. चार ऑगस्टला बदनापूरच्या बीजगुणन उपकार्यालयात गोपनीय लिफाफा आला. त्यात विचारलं होतं: श्री. भा. ग. आष्टीकर यांनी योग्य मार्ग का अवलंबला नाही, याचा त्यांच्याकडून खुलासा घेऊन कार्यालयप्रमुखांच्या अभिप्रायासह पाठवावा.

योग्य मार्ग! ज्या माणसाने योग्य मार्गापायी उभ्या आयुष्यात शेजाऱ्याच्या जीपमध्ये पाय ठेवला नाही, त्याला योग्य मार्ग विचारला होता. त्यात आणखी एक पेच होता. कार्यालयप्रमुख साहेब महिनाभराच्या प्रशिक्षणाला गेले होते आणि त्यांचा कार्यभार ज्या माणसाकडे होता, तो माणूस लिफाफा फोडून खुर्चीवर बसला होता.

दुसरा कोणीही असता तर हसला असता आणि दोन ओळी खरडून मोकळा झाला असता. भालचंद्ररावांनी उसासा टाकला, साहेबांच्या टेबलाशी जाऊन बसले आणि प्रभारी अधिकारी या नात्याने हेडक्लार्क आष्टीकरांना ज्ञापन काढलं. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपणांस काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल. मग त्यांनी शिपाई कचरूला हाक मारली आणि टपालवही त्याच्या हातात दिली.

कचरूने ज्ञापनावरचं नाव वाचलं. "साहेब, ह्यो कागद तुमच्याकून घेऊन तुमालाच द्यायचा का?"

"हो. पण मी तिकडे माझ्या टेबलावर गेल्यावर."

"मंग मधी मी काय करू?"

"तू बाहेर जा आणि परत ये. टपाल बाहेरून आलं पाहिजे."

कचरू बाहेर गेला, नळावर पाणी प्यायला, आणि परत आला. भालचंद्ररावांनी आपल्या टेबलावर वहीत सही करून ज्ञापन घेतलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. भाषा फार कडक होती. त्यांनी दोन दिवसांची मुदतवाढ मागणारा अर्ज लिहून कचरूच्याच हाती साहेबांच्या टेबलावर पाठवला, आणि उठून तिथे जाऊन त्यावर विचार केला. मुदतवाढ एका दिवसाची मंजूर झाली. कचरूने त्या आठवड्यात त्या दोन टेबलांमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की तो बायकोला म्हणाला, "आमचे हेडक्लार्क लई जोरात भांडून राह्यलेत. एकलेच."

खुलासा चार पानी झाला. भालचंद्ररावांनी त्यात मन ओतलं होतं. पण प्रभारी अधिकारी म्हणून तो वाचायला घेतला, तेव्हा त्यांना सचोटीने कबूल करावं लागलं की तिसरं पान पाल्हाळिक आहे आणि मूळ प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. त्यांनी समासात तीन त्रुटी काढल्या आणि खुलासा फेरसादर करण्यासाठी परत केला. आणि हा खुलासा वर पोचेपर्यंत कॉलेजच्या अहवालाचंही पुढे काही होणार नव्हतं. त्या दिवशी अकरा ऑगस्ट होता.

बारा तारखेला दुपारी रखमाजींच्या दुकानात पुण्याहून फोन आला. नंदाबाई निरोप घेऊन धावत आल्या. "वैनी, दुर्गाबाई म्हनल्या, परवा बारा वाजता जागा दुसऱ्या पोराला देऊन राह्यलेत. पोरगं रोज येऊन बसतंय म्हने कॉलेजात. बापाला घेऊन!"

संध्याकाळी भालचंद्रराव घरी आले तेव्हा ओट्यावर खुर्ची नव्हती. शरयू आतल्या खोलीत पलंगावर पाठ करून बसली होती. कचरू दुपारीच येऊन सगळं सांगून गेला होता.

"बाबा," ती वळून म्हणाली, "तुम्ही स्वतःच्या खुलाशाला त्रुटी काढल्या?"

"तीनच," ते हळूच म्हणाले. "त्या होत्या गं."

ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. ते पलंगाच्या कडेला टेकले. पोरीचं वर्ष जातंय, ते आपल्या हातून जातंय, आणि आपण ते चांगल्या अक्षरात घालवलं, हे त्यांना पहिल्यांदा लख्ख दिसलं.

रमाबाई दारात आल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या कागदाला कधी हात लावला नव्हता. "उद्या सकाळी आठला रखमाजींची जीप येतेय," त्या म्हणाल्या. "शरयूची बॅग भरून झालीय. दाखला मिळाला की ती तिथूनच पुण्याची एसटी धरेल. तुम्ही येणार असाल तर पुढे बसा. नाहीतर पुढे मी बसते."

भालचंद्रराव पुढे बसले.

जालन्यापर्यंत वीस किलोमीटर होते. रखमाजींनी मोठ्या मनाने पेंडीचा विषय काढला नाही. कॉलेज दहाला उघडलं. खिडकीत एक जाडा, पान खाणारा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस येऊन बसला. हाच धर्मराज. त्याच्यासमोर एक फाइल होती आणि ती इतकी फुगली होती की तिला दोन नाड्या बांधल्या होत्या. भालचंद्ररावांनी तिच्याकडे आदराने पाहिलं.

"मी आष्टीकर," ते म्हणाले.

धर्मराजने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. वर पाहिलं, खाली पाहिलं. "आष्टीकर म्हंजी ते आठ प्रतीवाले? या या! तुमचीच वाट पाहून राह्यलो सवा महिना." असं म्हणून त्याने फाइलीला हात लावला नाही, तर टेबलाचा खण ओढला आणि त्यातून एक खाकी पाकीट काढून गजाच्या आत ठेवलं. "हा दाखला. हे मायग्रेशन. नऊ जुलैलाच आल्तं."

"नऊ जुलैला?" भालचंद्ररावांनी विचारलं. "माझा अर्जच अकराचा आहे."

"तुमचा कशाला? पोरीचा तीन तारखेचा. अर्ध्या पानाचा." धर्मराजने पिंक टाकून घेतली. "आली, अर्ज दिला, फी भरली. मी मानूस धाडून मायग्रेशन मागवलं. घेऊन जा म्हनलं तर म्हनती कशी, मामा, माझे बाबा येतील तवा त्यांच्या हातात द्या. त्यांना वाटू द्या त्यांनीच मिळवला. म्हनलं ठीक हाय. मी रोज वाट पाह्यली. बाबा काही आले न्हाईत. बाबाचं रजिस्टर आलं! त्याच्यात आठ साहेबांची नावं, अन् मागून त्या साहेबांचे कागद. प्रिन्सिपॉल साहेब घाबरले ना. म्हनले, हे प्रकरन हाय, दाखल्याला हात लावू नका. मंग माझ्या हातात काय राह्यलं?"

रखमाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि या खेपेला 'बराबर हाय'सुद्धा म्हणाले नाहीत.

भालचंद्रराव सावकाश लेकीकडे वळले. "तुला हे माहीत होतं?"

"अडकलंय ते एकोणीस तारखेला कळलं. धर्मराजमामा म्हणाले, ज्याने अर्ज केला त्याने येऊन मागे घेतला तरच सुटेल." शरयूने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणून तर म्हणत होते, एकदा जालन्याला चला."

"मग सरळ सांगितलं का नाहीस?"

"बावीसला सांगणारच होते. तुम्ही पेढे घेऊन आलात." ती थांबली. "किती दिवसांनी तुम्ही असे खूश दिसला होतात, बाबा. मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. मग रोजच उद्या झालं."

भालचंद्ररावांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि खिडकीकडे वळून म्हणाले, "कागद द्या."

धर्मराजने कोरा कागद आणि पेन सरकवलं. भालचंद्ररावांनी उभ्याउभ्याच, खिडकीच्या फळीवर लिहिलं: 'माझा अकरा जुलैचा अर्ज मी मागे घेत आहे.' विषय नाही, संदर्भ नाही. खाली सही केली. सही झाल्यावर त्यांचा हात आपसूक सरकत खाली गेला आणि त्याने 'प्रत' एवढं लिहिलं. तोच आतून धर्मराजचा आणि बाहेरून शरयूचा, असे दोन हात एकदम कागदावर पडले.

"सवय हो," भालचंद्रराव ओशाळून म्हणाले.

धर्मराजने तो शब्द खोडला, कागद आत प्रिन्सिपॉलसाहेबांना दाखवून आणला, मग पाकीट शरयूच्या हातात न देता भालचंद्ररावांच्या हातात ठेवलं. "पोरीनं सांगितलं होतं," तो म्हणाला. भालचंद्ररावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि लेकीला दिलं.

पुण्याची एसटी अकराची होती. स्टँडवर पोचायला दहा मिनिटं उरली होती. भालचंद्ररावांनी एका दुकानाकडे पाहून "एक झेरॉक्स" असं पुटपुटून पाहिलं, पण रखमाजींनी ऐकू न आल्यासारखा ॲक्सिलरेटर दाबला. शरयूला खिडकीची जागा मिळाली. रमाबाईंनी दिलेला डबा मांडीवर, बॅग पायाशी, पाकीट पोटाशी धरलेलं. संध्याकाळी सात-आठला दुर्गाआत्या स्टँडवर न्यायला येणार होती आणि सकाळी दहाला दोघी कॉलेजात हजर राहणार होत्या.

"बाबा," ती खिडकीतून वाकून म्हणाली, "एक ऐका. पुण्याच्या कॉलेजला तुम्ही आता काहीही लिहू नका. एक ओळसुद्धा नको. माझं मी करते."

भालचंद्ररावांनी मान हलवली. मग ते खाली बघायला लागले. मग चपलेने जमिनीवरचा खडा इकडून तिकडे केला.

"बाबा?"

"काल दुपारी पाठवलं," ते म्हणाले. "मुदतवाढीसाठी. रजिस्टरने."

"प्रती?"

"तीनच."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली, आणि शरयूच्या चेहऱ्यावर रडू येतंय की हसू हे कळायच्या आत ती फाटकाबाहेर पडली. भालचंद्रराव तिथेच उभे राहून बोटांवर मोजू लागले. काल मंगळवार, लिफाफा बदनापुरातून आज निघाला असेल. उद्या गुरुवार. शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, सुट्टी. शनिवारी पोचला तर पोचला, नाहीतर सोमवार. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं, मग रखमाजींकडून मोजून घेतलं. आणि ज्या माणसाने सव्वीस वर्षं प्रत्येक टपाल वेळेत पोचावं म्हणून जिवाचं रान केलं होतं, त्याने जालन्याच्या बसस्टँडवर भर गर्दीत डोळे मिटून हात जोडले आणि देवाला विनवलं की, एवढ्या वेळेला उशीर होऊ दे.